एन्झाइमच्या आधी धातूच होता

ग्लुकोमीटरच्या पट्टीवर रक्ताचा थेंब लावल्यावर दिसणारा आकडा एन्झाइमच्या, म्हणजे रासायनिक अभिक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाच्या, जोरावर येतो. ते वगळून निकेल, तांबे, सोने किंवा प्लॅटिनमच्या नॅनोकणांवर (अतिसूक्ष्म कणांवर) साखर मोजण्याविषयी गेल्या वीस वर्षांत शोधनिबंधांचा पूर आला आहे. त्यातले बरेच वाचून वाटते, कल्पना अगदी ताजी आहे. तशी ती नाही.

साखर ओळखायला तांब्याचे क्षार वापरायची फेलिंगची रीत १८४९ची. पुढे बेनेडिक्टची आली, आणि लघवीतली साखर पाहायला दवाखान्यांत ती कित्येक दशके टिकली. शाळा-कॉलेजच्या प्रयोगवहीत अजून आहे. दोन्ही द्रावणे अल्कलीयुक्त, हे लक्षात ठेवावे. विजेच्या साहाय्याने ग्लुकोजचे ऑक्सिडीकरण, म्हणजे त्यातून इलेक्ट्रॉन काढून घेणे, लोएब या शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये शिशाच्या इलेक्ट्रोडवर अभ्यासले होते. या इलेक्ट्रॉनांचा प्रवाह मोजला की साखर किती ते कळते.

एन्झाइम आले ते १९६२ मध्ये, क्लार्क आणि लायन्स यांच्या इलेक्ट्रोडबरोबर. ग्लुकोज ऑक्सिडेज या एन्झाइमचा मोठा गुण म्हणजे चोखंदळपणा: रक्तातल्या शेकडो पदार्थांतून ते ग्लुकोजच निवडते. १९७५ मध्ये त्यावरचे यंत्र बाजारात आले, १९८७ मध्ये पेनाएवढा मीटर. मात्र एन्झाइम हे प्रथिन. उष्णता आणि दमटपणा त्याला मानवत नाही. पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवायला सांगतात ते बऱ्याच अंशी यामुळेच.

दरम्यान धातूवरचे काम चालूच होते. प्लॅटिनमची अडचण दुहेरी: ग्लुकोजची अभिक्रिया त्यावर संथ चालते आणि क्लोराइडसारखे आयन, शिवाय अभिक्रियेतलेच अर्धवट पदार्थ पृष्ठभागाला चिकटून बसतात. वर रक्तातले क जीवनसत्त्व आणि युरिक आम्लही इलेक्ट्रोडवर ऑक्सिडीकृत होऊन ग्लुकोजच्या प्रवाहात आपला प्रवाह मिसळतात. नॅनोरचनेचे खरे महत्त्व इथे आहे. २००३ मध्ये दक्षिण कोरियातल्या पार्क आणि चुंग यांच्या गटाने सूक्ष्म छिद्रांचे प्लॅटिनम वापरून दाखवले की पृष्ठभाग वाढला की संथ अभिक्रियेचा, म्हणजे ग्लुकोजचा, प्रवाह वाढतो. क जीवनसत्त्वाची अभिक्रिया जलद असल्याने ते इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचेल तेवढाच त्याचा प्रवाह, तो फारसा वाढत नाही. केवळ ‘लहान कण, जास्त क्षेत्रफळ’ म्हणणाऱ्या प्रस्तावनांत हा मुद्दा हरवतो.

निकेलची गोष्ट वेगळी. अल्कलीत त्याच्यावर ऑक्सिहायड्रॉक्साइडचा (ऑक्सिजन आणि हायड्रोजन असलेल्या निकेलच्या संयुगाचा) थर तयार होतो आणि तोच सेंद्रिय पदार्थांचे ऑक्सिडीकरण करतो, हे इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या फ्लाइशमन आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये मांडले. निकेल, तांबे, कोबाल्ट स्वस्त आणि प्रवाहही भरपूर देतात, म्हणून शोधनिबंधांत त्यांची गर्दी.

पण त्यांतल्या बहुतेक चाचण्या सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात, १३च्या आसपास पीएच (आम्ल-अल्कलीपणाचे माप) ठेवून, म्हणजे तीव्र अल्कलीत, झालेल्या असतात. रक्ताचा पीएच ७.४. नमुना बाटलीत घेऊन त्यात अल्कली मिसळणे प्रयोगशाळेत जमते, शरीरात बसवायच्या सेन्सरमध्ये नाही. त्यामुळे काही गट आता इलेक्ट्रोडला आधी ऋण व्होल्टता देऊन त्याच्या लगतच्या द्रवाचाच पीएच क्षणभर वाढवतात आणि मग ग्लुकोज मोजतात.