तुवालूची निवडणूक : आठ बेटे, सोळा सदस्य आणि पक्षांविना सरकार

प्रशांत महासागरातील तुवालू या चिमुकल्या द्वीपराष्ट्रात २६ जानेवारी २०२४ रोजी सार्वत्रिक निवडणूक झाली, पण पंतप्रधान कोण होणार हे ठरायला पुरा एक महिना लागला. निवडून आलेल्या सदस्यांना आपापल्या बेटांवरून बोटीने राजधानी फुनाफुती गाठायची होती आणि समुद्र खवळलेला असल्यामुळे त्यांतले काही जण वाटेतच अडकून पडले होते. या विलंबाकडे केवळ गमतीची बातमी म्हणून पाहू नये. तुवालूत राजकीय पक्ष नाहीत. मतदार आपल्या बेटाची दोन माणसे निवडून देतो आणि सरकार त्यानंतर, सगळे सदस्य एकत्र आल्यावर, परस्परांतील बोलणीतून आकाराला येते. ही पद्धत कुठून आली, हे समजण्यासाठी पन्नास वर्षे मागे जावे लागते.

ब्रिटिशांनी १८९२ मध्ये गिल्बर्ट (आजचे किरिबाती) आणि एलिस (आजचे तुवालू) ही दोन द्वीपसमूहांची जोडी आपल्या संरक्षणाखाली घेतली आणि १९१६ मध्ये तिची एकच वसाहत केली. गिल्बर्टचे लोक मायक्रोनेशियन आणि एलिसचे पॉलिनेशियन. भाषा वेगळी, चालीरीती वेगळ्या. स्वातंत्र्य जवळ येऊ लागले तसे संख्येने कमी असलेल्या एलिसवासीयांना वाटू लागले की, गिल्बर्टमधील तारावा या राजधानीतून चालणाऱ्या सरकारात आपला आवाज कायमचा दबून जाईल. १९७४ च्या सार्वमतात ३,७९९ जणांनी विभक्त होण्याच्या बाजूने मत दिले, विरोधात केवळ २९३ मते पडली. ब्रिटिशांच्या अटी कठोर होत्या : वाट्याला एकच जहाज येणार होते आणि ओशन बेटावरील फॉस्फेटच्या उत्पन्नावर हक्क राहणार नव्हता. हे माहीत असूनही लोकांनी कौल दिला. इतक्या लहान समाजाने पैशापेक्षा स्वतःचा कारभार मोलाचा मानला, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते. १ ऑक्टोबर १९७८ रोजी देश स्वतंत्र झाला आणि तोआरिपी लौती पहिले पंतप्रधान झाले.

‘तुवालू’ म्हणजे ‘एकत्र उभे असलेले आठ’. बेटे प्रत्यक्षात नऊ आहेत, पण सर्वांत लहान नियुलाकिता हे मतदारसंघापुरते नियुताओत धरले जाते. प्रत्येक बेटाची स्वतःची ‘फालेकाउपुले’, म्हणजे परंपरागत ग्रामसभा असते. सभागृहात वडीलधारी मंडळी खांबांना पाठ टेकून चटईवर बसतात आणि चर्चा एकमत होईपर्यंत चालते. उमेदवाराची ओळख बेट, घराणे आणि या सभेतील मान यांवरून होते, त्यामुळे पक्षाची गरज भासली नाही. बेटांची समानता संसदेतही उतरली आहे : सुमारे ३०० वस्तीच्या नुकुलायलायला पूर्वी एकच जागा होती, २०१९ च्या निवडणुकीपासून त्या दोन झाल्या आणि सदस्यसंख्या १५ वरून १६ वर गेली.

पक्षशिस्त नसल्याची किंमतही देशाने मोजली आहे. सप्टेंबर १९९३ च्या निवडणुकीनंतर बारा सदस्यांची संसद सहा-सहा अशी दुभंगली, पंतप्रधान निवडताच आला नाही आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा मतदान घ्यावे लागले. डिसेंबर २०१० मध्ये मातिआ तोआफा यांचे सरकार काही महिन्यांतच ८ विरुद्ध ७ अशा मतांनी पडले. त्यांच्या जागी आलेल्या विली तेलावी यांच्या सरकारने २०१३ मध्ये नुकुफेताऊ बेटावरची पोटनिवडणूक गमावली, तरी तेलावी यांनी संसद बोलावण्यास टाळाटाळ केली; अखेर गव्हर्नर जनरलनी १ ऑगस्ट रोजी त्यांना पदावरून दूर केले आणि एनेले सोपोआगा सत्तेवर आले. एका सदस्याचे मन फिरले किंवा एक जागा रिकामी झाली, तरी सरकार हलते.

२०२४ च्या निवडणुकीवर आणखी दोन प्रश्नांचे सावट होते. मतदानाच्या जेमतेम अकरा दिवस आधी प्रशांत महासागरातीलच नाउरू या देशाने तैवानशी संबंध तोडून चीनला मान्यता दिली होती, तर तुवालूचे तैवानशी संबंध १९७९ पासून आहेत; तेही तीच वाट धरणार का, हा पहिला प्रश्न होता. दुसरा प्रश्न ऑस्ट्रेलियाशी नोव्हेंबर २०२३ मध्ये झालेल्या ‘फालेपिली’ कराराचा होता. दरवर्षी २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात कायम राहण्याची वाट या कराराने खुली होते, पण इतर देशांशी सुरक्षाविषयक करार करण्यापूर्वी ऑस्ट्रेलियाची संमती लागते. सार्वभौमत्वाच्या मुद्द्यावर सोपोआगा यांनी त्याला विरोध केला होता.

तेव्हाचे पंतप्रधान कौसिआ नातानो फुनाफुतीतील आपली जागाच गमावून बसले. सदस्य राजधानीत पोहोचल्यावर नियुताओचे फेलेती तेओ यांचे एकट्याचेच नाव पुढे आले आणि २६ फेब्रुवारी रोजी त्यांची बिनविरोध निवड जाहीर झाली. ते पूर्वी महान्यायवादी होते, मासेमारीविषयक प्रादेशिक आयोगाचे प्रमुखही होते. त्यांच्या सरकारने तैवानशी संबंध कायम ठेवले आणि फालेपिली करार ऑगस्ट २०२४ मध्ये अमलात आला. पुढच्याच वर्षी २८० जागांच्या पहिल्या सोडतीसाठी कुटुंबीयांसह ८,७५० जणांनी नावे नोंदवली.