चाळणीवरचा दाब

शेजारचे निवृत्त मास्तर डिचोलीतल्या लॅबमधून रिपोर्ट घेऊन थेट आमच्या सोप्यावर आले. ‘अल्ब्युमिन ८२० चं ३९० झालं! किडनी अर्धी बरी झाली की रे. गोळ्या सोडू?’

म्हटलं, मास्तर, आधी बसा.

अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन, क्रिएटिनिन हा स्नायूंतून निघणारा टाकाऊ पदार्थ. हा आकडा म्हणजे लघवीतल्या एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे किती मिलिग्रॅम अल्ब्युमिन, तो. भरपूर पाणी प्यायलं की लघवी पातळ होते आणि नुसतं अल्ब्युमिन फसवतं. क्रिएटिनिन दिवसभर साधारण एकाच गतीने उतरतं, म्हणून त्याने भागायचं. ३० च्या आत ठीक, ३०० च्या वर गळती मोठी.

आता तो निम्मा कसा झाला, ही खरी गंमत. एकेका किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या, प्रत्येक म्हणजे केशवाहिन्यांचा गुंता. शरीरात एरवी केशवाहिन्यांनंतर शीर लागते. इथे मात्र आत येतानाही धमनिका, म्हणजे बारीक धमनी, आणि बाहेर पडतानाही धमनिकाच. म्हणजे दोन्ही टोकांना नळ! अँजिओटेन्सिन हे संप्रेरक बाहेरचा नळ आवळतं, आत दाब चढतो. गाळणीला बाहेरून बिलगलेल्या पोडोसाइट पेशींच्या बोटांमध्ये नेफ्रिन या प्रथिनाने विणलेल्या फटी असतात. सततच्या दाबाने ही वीण विस्कटते, पेशी सुटून लघवीतून जातात, आणि त्यांची जागा सहसा भरून निघत नाही. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल या रक्तदाबाच्या गोळ्या बाहेरचा नळ सैल करतात. मधुमेहातलं डापाग्लिफ्लोझिन दुसऱ्या टोकाला खेळतं: गाळणीपुढच्या नलिकेत पुढपर्यंत जास्त मीठ पोचवतं, तिथल्या पेशी ते ओळखून आत येणारा नळ जरा आवळायला लावतात. (इथवर टिकलात तर जिंकलात.) दाब उतरला की गळती कमी. सुरुवातीला रक्तातलं क्रिएटिनिन थोडं चढतं, तेही दाब उतरल्यामुळेच. नेमकं तेव्हा घाबरून लोक गोळ्या टाकून देतात.

म्हणजे मास्तरांची चाळणी सांधली गेलेली नाही, तिच्यावरचा भार उतरलाय. चांगलीच बातमी आहे. असा आकडा उतरणाऱ्यांची किडनी जास्त काळ तग धरते. पण गोळी सोडली की दाब पुन्हा चढणार. आणि ‘किडनी साफ करणारा’ काढा किंवा भस्म तर नकोच. अशा काही औषधांत पारा सापडलाय, आणि पाऱ्याने हीच गळती सुरू होते.

मास्तर जरा हिरमुसले. मग म्हणाले, ‘पण काणकोणच्या भाच्याची लघवी तपासायची पट्टी अगदी कोरी आली.’

दक्षिण गोव्यातल्या काणकोणात बऱ्याच जणांना होणाऱ्या किडनीच्या आजाराचं कारण अजून नक्की ठरलेलं नाही. भूजलातल्या सिलिकावरही बोट ठेवलं गेलंय. मधुमेह नसताना होणाऱ्या अशा आजारांत बरेचदा चाळणी शाबूत असते आणि मार बसतो तो पुढच्या नलिकांना. चाळणीतून सुटलेली बारीक प्रथिनं परत ओढून घेणं हे नलिकांचं काम. ते बिघडलं की अल्फा-१ आणि बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन लघवीत उतरतात, पण लॅबची पट्टी मुख्यतः अल्ब्युमिनलाच रंग बदलते.

‘म्हणजे पट्टी कोरी, तरी...?’

‘तरी. त्याला रक्तातलं क्रिएटिनिन करून घ्यायला सांगा. याच आठवड्यात.’

मास्तरांनी रिपोर्टची घडी घातली आणि फोन काढला.