डिस्क काढली की पासवर्ड मागेच राहतो

रावेरच्या एका केळी व्यापाऱ्यांचा लॅपटॉप बंद पडला, म्हणून डिस्क काढून मी माझ्या संगणकाला जोडली. लिनक्सचा पासवर्ड विचारलाही नव्हता. तरी शेतकऱ्यांचे खाते क्रमांक, आधारच्या प्रती, तीन हंगामांच्या पट्ट्या, सगळं समोर उघडं. "भाऊ, पासवर्ड तर टाकेल होता ना?" त्यांचा चेहरा उतरला.

लॉगिनचा पासवर्ड चालू प्रणाली तपासते. डिस्क दुसरीकडे लावली की तपासणारं कुणी उरत नाही. म्हणून प्रत्येकाची होम डिरेक्टरी, म्हणजे त्याच्या फाइलींचा फोल्डरच, एन्क्रिप्ट करायचा: किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करून ठेवायचा. त्यासाठी लिनक्समध्ये सिस्टमडी-होमडी ही सोय २०२० साली आली. तिच्यात बहुधा प्रत्येकाचं होम ही एक स्वतंत्र एन्क्रिप्टेड फाइल असते. लॉगिन केलं की उघडते, लॉगआउट केलं की मिटते. दुकानात एकाच संगणकावर मुनीम बसला असला, तरी मालकांचं होम बंदच.

आतली रचना मला फार आवडते. मजकूर तुमच्या पासवर्डने एन्क्रिप्ट होतच नाही. संगणक एक लांबलचक यादृच्छिक किल्ली बनवतो, मजकूर तिने बंद करतो आणि ती किल्ली पासवर्डने बंद करून फाइलच्या सुरुवातीला, हेडरमध्ये ठेवतो. त्यामुळे पासवर्ड बदलला तर ५०० जीबी पुन्हा एन्क्रिप्ट करावे लागत नाहीत, एवढीशी किल्ली नव्याने बंद केली की झालं. लुक्स-२ या लिनक्सच्या डिस्क एन्क्रिप्ट करण्याच्या पद्धतीत एकाच किल्लीसाठी ३२ पर्यंत पासवर्ड ठेवता येतात. पासवर्ड पडताळताना त्यातलं अर्गॉन-२ हे गणित मुद्दाम भरपूर मेमरी खातं. तुम्हाला क्षणभर थांबावं लागतं, पण कोट्यवधी अंदाज करून पाहणाऱ्या चोराचे हाल होतात.

पण होम उघडं असताना किल्ली मेमरीत असते. भुसावळला गाडीत चढताना नुसतं झाकण मिटू नका, लॅपटॉप पूर्ण बंद करा. आणखी एक अडचण: रात्री दोनला चालणाऱ्या बॅकअपला बंद होममधल्या फाइली दिसत नाहीत, त्याची वेळ दिवसा ठेवावी लागते.

सगळ्यात मोठी भीती मात्र पासवर्ड विसरण्याची. हेडर खराब झाला तरी तेच: आतलं कुणालाच, मलाही, परत काढता येत नाही. म्हणून होमसीटीएल या होमडीच्या कमांडने रिकव्हरी किल्ली, म्हणजे पासवर्ड विसरला तर वापरायची जादा किल्ली, बनवून मी ती कागदावर छापून दिली, आणि बॅकअपची वेगळी डिस्कही एन्क्रिप्ट करून दिली. कागद त्यांनी सातबाऱ्याच्या उताऱ्यांसोबत तिजोरीत ठेवला.