सरपणाची बेगमी (ठाणे परिसर)

सरपणाची बेगमी : चूल, न्हाणीचा बंब आणि शेकोटी यांसाठी लागणारे जळण आधीच गोळा करून, फोडून, वाळवून साठवण्याची घरगुती रीत. बर्फाळ मुलखात हा साठा हिवाळ्यात घर तापवण्यासाठी करतात. ठाण्यात घर तापवावे लागेल अशी थंडी पडत नाही. इथली बेगमी पावसासाठी असते. वर्षाचा सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्येच पडतो आणि रानातली काटकीन् काटकी भिजते. म्हणून आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागण्याआधीच्या, तयारीत सुकी मासळी, मीठ, मसाला यांच्या जोडीने लाकूडफाटा येतो. पावसातून जे उरते ते थंडीत आंघोळीचे पाणी तापवायला आणि मुरबाड-शहापूरकडच्या गारठ्यात अंगणातल्या शेकोटीला पुरवतात.

हिशेब साधा, पण कष्टाचा आहे. समजा, एका घराला दिवसाला पाच किलो सरपण लागते. चार महिन्यांचे ६०० किलो झाले. डोक्यावरची मोळी २० किलोची धरली तर तीस मोळ्या, म्हणजे मार्च ते मे दर तिसऱ्या दिवशी रानात एक खेप. हा हिशेब कागदावर कुणी मांडत नाही. तो बहुतेक घरांत बाईच्या डोक्यात असतो आणि मोळीही तिच्याच डोक्यावर, चुंबळीवर असते. ठाण्यालगतच्या येऊरच्या पाड्यांतून सरपणाला एकटीने जात नाहीत. बिबट्याचे रान असल्याने चौघी-पाचजणी मिळून, बोलत-हाका मारत जातात.

ऐन, धावडा, खैर, बाभूळ यांचे लाकूड जड. ते सावकाश जळते आणि निखारा धरते. पांगारा, सावर ही हलकी लाकडे भडकन पेटतात आणि तशीच संपतात. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलून मरते. तिच्या वाळक्या काठ्या कुडाच्या भिंतींना लागतात, उरलेल्या चुलीत जातात. भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजण्यासाठी, तोडलेल्या टहाळातील पाने-डहाळ्या शेतात जाळतात आणि जाड फाटा घरी आणतात. मोहावर मात्र सहसा कुऱ्हाड चालवत नाहीत. त्याची फुले आणि बिया घराला दरवर्षी हव्या असतात.

बेगमीचा खरा कस वाळवण्यात लागतो. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. ते जाळले की आधी त्या पाण्याची वाफ करण्यातच उष्णता खर्च होते. भात शिजत नाही आणि घरभर धूर कोंडतो. पाण्याचा अंश वीस टक्क्यांच्या आत आला की लाकूड नीट जळते. साल पाणी अडवते, म्हणून ओंडका होळीच्या सुमारासच फोडून उन्हात टाकावा. वाळलेल्या लाकडाच्या टोकांना चिरा पडतात आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज येतो. ओल्या लाकडाचा आवाज बद्द येतो.

रचताना खाली दगड किंवा विटा ठेवून मधून वारा खेळू देतात, नाहीतर वाळवी लागते. जागा पडवीत, पागोळ्यांपासून आत. रोजचा फाटा चुलीवरच्या माळ्यावर चढवतात. तिथे धुराची ऊब त्याला कोरडा ठेवते. ढिगात विंचू आणि घोणस हमखास आसरा घेतात, म्हणून अंधारात हात घालायचा नाही, हे घरातल्या मुलांना आधी शिकवतात. रात्री निखारा राखेत पुरून ठेवला की सकाळी आगपेटीची काडी आणि काटक्या दोन्ही वाचतात.

जुन्या ठाण्यात बंबाचे जळण लाकडाच्या वखारीतून विकत येई. जोडीला नारळाची सोडणे आणि करवंट्या. आज नवी मुंबईत असलेल्या खाडीकाठच्या आगरी-कोळी गावांत तिवर, म्हणजे खारफुटीचे लाकूडही, चुलीत जात असे. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील खारफुटी तोडण्यास मनाई केली. शहरातले झाड तोडायला १९७५ च्या कायद्याने वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येते, त्यामुळे तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियमही लागू आहे. २००६ च्या वन हक्क कायद्याने रानात राहणाऱ्यांना गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून रानात मिळणाऱ्या वस्तू, गोळा करण्याचा हक्क दिला आणि त्याच्या व्याख्येत झुडपांचे लाकूड आणि खुंट येतात. पडलेल्या काटक्या वेचणारी बाई आणि उभे झाड कापून ट्रक भरणारा ठेकेदार यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे.

चुलीचा धूर मात्र कोणत्याही बाजूने समर्थनीय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातल्या धुराने जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने अनेक घरांत गॅस नेला. तरी भरलेले सिलिंडर पैशाने येते आणि काटकी कष्टाने. त्यामुळे अशा कितीतरी घरांत चहा-भाजी गॅसवर होते, तर भाकरी आणि आंघोळीचे पाणी अजून चुलीवरच असते.