पार्श्वभूमी : दोन फोटोंमधली जागा

नाशिकमध्ये पत्रकारिता शिकणाऱ्या मुलांची फोटो स्टोरी, म्हणजे ओळीने लावलेल्या फोटोंतून सांगितलेली गोष्ट, पाहायला बसलं, की विषय बहुतेक वेळा गोदाघाटच निघतो. रामकुंडावरची पहाट, जटाधारी साधू, पाण्यात सोडलेला दिवा. एकेक फोटो सुटा पाहिला तर देखणा असतो. पण तिसरा आणि सातवा अदलाबदल करून लावले तरी कुणाला काही खटकत नाही, आणि घोडं तिथेच अडतं. क्रम बदलल्यावर बिघडत नाही ती गोष्ट कसली? ही कसोटी कॅमेऱ्याहून बरीच जुनी आहे.

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातले चित्रकथी ती पिढ्यान्‌पिढ्या पाळत आले. सुट्या कागदांवर रंगवलेली चित्रं, एका आख्यानाची एक पोथी. एक चित्र समोर धरायचं, गात गात तो प्रसंग सांगायचा, मग पुढचं उचलायचं. चित्रातला भीम गदा उगारतो आणि पुढच्या चित्रात शत्रू पडलेला असतो. मधला घाव ऐकणाऱ्याने आपल्या मनात घालायचा. ही कला टिकवणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

कॅमेऱ्याला हे जमायला वेळ लागला. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजने धावपट्टीलगत १२ कॅमेरे ओळीने मांडले. घोड्याच्या पायांनी कॅमेऱ्यांना जोडलेले दोरे तुटत गेले, फोटो निघत गेले, आणि धावताना घोड्याचे चारही पाय क्षणभर जमिनीवरून सुटतात हे सिद्ध झालं. हा झाला पुरावा. गोष्टीच्या जवळ गेले ते पॅरिसचे फोटोग्राफर नादार. १८८६ मध्ये शंभरी गाठणाऱ्या शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाशी त्यांनी गप्पा मारल्या, नादारांच्या मुलाने बोलता बोलता म्हाताऱ्याचे फोटो काढले, आणि छापताना फोटोंखाली त्याचेच शब्द घातले. आजच्या कॅप्शनची ही पणजी म्हणायची.

नाशिककरांना मात्र याहून जवळचा दाखला आहे, आणि तो आपण पुरेसा वापरत नाही. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७०चा. सिनेमाच्या आधी ते फोटोग्राफर होते, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकून त्यांनी गोध्र्याला स्टुडिओ काढला होता. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आले, पण चित्रपटासाठी भांडवल कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज एकेक फ्रेम घेतली. फिल्म झाली जेमतेम मिनिटभराची. तिच्यात कोंब मातीतून वर येतो, वाढतो, वेल होतो. ती पाहून कर्ज देणारे मिळाले आणि ‘राजा हरिश्चंद्र’चा मार्ग मोकळा झाला.

त्या कुंडीसमोर एखादा दिवसभर बसला असता तर त्याला काही घडताना दिसलं नसतं. गंमत झाली ती फाळक्यांनी न टिपलेल्या तासांमुळे. पांडवलेण्यांच्या पायथ्याला त्यांचं स्मारक आहे. सहलीला नेलेल्या पोरांना तिथे ही वाटाण्याची हकिकत कुणीतरी सांगायला हवी.

पुढचा मोठा टप्पा मासिकांचा. अमेरिकेत ‘लाइफ’ १९३६ पासून फोटोंवरच चालू लागलं. १९४८ मध्ये त्यासाठी फोटोग्राफर यूजीन स्मिथ कोलोरॅडोतल्या एका खेड्यातल्या डॉक्टरबरोबर २३ दिवस राहिला. सुरुवातीला तो फिल्म न घालताच कॅमेरा चालवायचा म्हणे, डॉक्टरला सवय व्हावी म्हणून. एका दुपारी घाटावर जाऊन ‘प्रोजेक्ट’ उरकणाऱ्यांनी हा आकडा तेवढा लक्षात ठेवावा! आपल्याकडे पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला जे. जे.त शिकत असतानाच मुंबईचं रोजचं जगणं आणि सोबतच्या मुली टिपत होत्या. सुरुवातीचे ते फोटो छापून आले नवऱ्याच्या नावाने.

रोलच्या काळात ३६ फोटो संपले की हात थांबायचा. आता मोबाइलमध्ये एका सकाळी चारशे होतात आणि काढण्यापेक्षा गाळणं अवघड जातं. दहावा फोटो आवडला म्हणून ठेवायचा, की नववा त्याच्याशिवाय लंगडा पडतो म्हणून ठेवायचा, हा प्रश्न वर्गात फारसा कुणी विचारत नाही.

तसा विचारायला भाग पाडणारा विषय जुन्या नाशकातच आहे : रहाड. पेशवेकाळापासूनचे हे रंगाचे हौद वर्षभर लाकडं आणि मातीखाली बुजलेले असतात. रंगपंचमीसाठी उघडतात, साफ होतात, पूजा होते, ठरलेला रंग कालवला जातो, आणि मग पोरं त्यात धप्पा मारतात, म्हणजे उड्या घेतात. सगळ्यांचे कॅमेरे धप्प्याला निघतात. उडालेला रंग, हवेतली पोरं, की झाला फोटो. पण मालिका करायची तर आठवडाभर आधी जाऊन त्या चौकातला रस्ता टिपावा लागेल, जिथे खाली काही आहे असा संशयही येत नाही. मग कुदळ, मग पहिला ओंडका, मग धप्पा. आणि सगळं बुजवून झाल्यावर पुन्हा तीच जागा, त्याच कोनातून : कोरी माती, तिच्यावरून गेलेलं रिक्षाचं चाक, आणि कडेला कुठेतरी राहिलेला रंगाचा एक शिंतोडा.