पार्श्वभूमी : बुर्जाचा पाया किती खोल?

दाभोळच्या जेटीवर धोपाव्याच्या फेरीबोटीची वाट बघत आम्ही सातआठ जण उभे होतो. त्यात एक चाचा होते. दुबईत बुर्ज खलिफाच्या कामावर त्यांनी शटरिंगची, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्यांची, सुतारकी केलेली. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, बुर्ज जेवढा वर दिसतो तेवढाच जमिनीत आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसरी, रमजानात वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांचा रोजा खालच्यांपेक्षा दोन-तीन मिनिटं उशिरा सुटतो. यावर मात्र सगळे हसले. "चाचा, आता पुरे करा!"

पहिली गोष्ट पटली यात नवल नाही. मजबुती म्हणजे वजन आणि खोली, हे कोकणात पिढ्यानपिढ्या डोळ्यांसमोर आहे. १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं, तेव्हा पायाचे दगड शिशाच्या रसात बसवले असं सांगतात. घर बांधायचं तर जांभ्याच्या चिऱ्याची भिंत जाड हवी, आणि पाया कातळ लागेपर्यंत खणायला हवा. मोठ्या पुलाच्या पायात माणूस गाडतात, ही लहानपणी ऐकलेली अफवाही याच समजुतीच्या पोटातली: जड काम पेलायला खाली काहीतरी जबर पुरलेलं असणारच.

एका उंचीपर्यंत हा हिशेब चालतो. मुंबईचा राजाबाई टॉवर (१८७८, ८५ मीटर) दगडी भिंतींवरच उभा आहे. शिकागोत १८९१ साली मोनॅडनॉक नावाची सोळा मजली इमारत विटांच्या भिंतींवर उभी राहिली, तेव्हा तळाची भिंत जवळजवळ १.८ मीटर जाड करावी लागली. आणखी मजले चढवायचे तर खालच्या दुकानांत गिऱ्हाइकाला उभं राहायला जागा उरली नसती. दोनच वर्षांनी त्याच इमारतीचा जोडभाग झाला तो धातूच्या सांगाड्यावर. सांगाड्याची कल्पना तोवर शिकागोत रुळली होती. तिथल्याच १८८५ च्या दहा मजली होम इन्शुरन्स बिल्डिंगला पहिली गगनचुंबी इमारत म्हणण्याचा रिवाज आहे, त्यावर जाणकारांचे वाद असले तरी. भिंत आता भार घेत नव्हती, नुसता पडदा झाली होती. त्याआधी १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिसने लिफ्टच्या उंचावरच्या पाळण्यात उभं राहून वरचा दोर कापायला लावला आणि पाळणा जागच्या जागी अडकून राहिला. त्या खेळाशिवाय दहाव्या मजल्यावर भाडेकरू मिळाला नसता.

वजनाचा प्रश्न असा सुटला आणि वाऱ्याचा उभा राहिला. तो जास्त चिवट. उंची दुप्पट केली की वाऱ्यामुळे पायथ्याशी येणारा उलथवणारा जोर चौपटीहून जास्त होतो. ३८१ मीटरच्या एम्पायर स्टेटमध्ये (१९३१) यावर उत्तर होतं भरपूर लोखंड: दर चौरस मीटर मजल्यामागे सुमारे २०६ किलो. मग ढाक्यात जन्मलेल्या फजलुर रहमान खान यांनी साठच्या दशकात शिकागोत बसून हा विचारच फिरवला. खांब आत दाटीवाटीने पेरण्यापेक्षा सगळी ताकद बाहेरच्या कडेला आणायची आणि इमारत पोकळ नळीसारखी वागवायची. आपल्या परसातला पोकळ बांबू नेमकं हेच करतो; मधे काही नसतं, कडेला सगळं. त्यांच्या शंभर मजली जॉन हॅनकॉक सेंटरला (१९६९) चौरस मीटरला सुमारे १४५ किलो लोखंड पुरलं. पुढच्या ४४२ मीटरच्या सिअर्स टॉवरमध्ये त्यांनी अशा नऊ नळ्या एकत्र बांधल्या, बांबूची मोळीच म्हणा.

पण वारा नुसता समोरून ढकलत नाही. ओहोटीच्या जोरात खाडीत लांब काठी उभी धरून पाहा. पाणी एका दिशेने वाहतं, पण काठी हातात आडवी थरथरते. तिच्या डाव्या-उजव्या कडेने भोवरे आळीपाळीने सुटतात आणि प्रत्येक भोवरा तिला आपल्या बाजूला ओढतो. इमारतीचंही तेच. भोवऱ्यांचा ठेका आणि इमारतीच्या डुलण्याचा ठेका जुळला, की झुल्याला वेळेवर हात लावल्यासारखं डुलणं वाढत जातं. म्हणून बुर्ज खलिफा वर जाताना पायरीपायरीने, फिरत फिरत आत आला आहे. प्रत्येक टप्प्यावर आकार वेगळा, त्यामुळे भोवऱ्यांना एक ठेका धरताच येत नाही. रचनाकार बिल बेकर यांनी त्याचे तीन पंख मधल्या गाभ्याला टेकवून एकमेकांना आधार दिला आहे. तैवानच्या तैपेई १०१ या इमारतीने वेगळी वाट धरली: वरच्या मजल्यांत ६६० टनांचा गोळा टांगला, जो इमारत डुलली की उलट डुलतो. ऑगस्ट २०१५ च्या वादळात तो मध्यापासून मीटरभर हलला, आणि इमारतीला काही झालं नाही.

'हलते म्हणजे कच्ची' हा समज निदान आपल्याकडे तरी टिकू नये. निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, श्रीवर्धनच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, पण वाऱ्यात धनुष्यासारखे वाकलेले कितीतरी माड दुसऱ्या दिवशी उभेच होते. इमारत किती डुलू द्यायची याची मर्यादाही बहुधा तिची मोडण्याची ताकद ठरवत नाही; वरच्या मजल्यावरच्या माणसाला बोट लागल्यासारखी मळमळ कधी होते, ते ठरवतं.

आता चाचांचा पाया. बुर्ज ८२८ मीटर उंच. खाली ३.७ मीटर जाडीचा काँक्रीटचा राफ्ट, म्हणजे सलग जाड थर, आणि त्याखाली दीड मीटर व्यासाचे १९० हून अधिक पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब, ते जातात सुमारे ५० मीटर खोल. उंचीच्या सोळाव्या हिश्शाइतकं. तिथला खडक आपल्या काळ्या कातळासारखा नाही, मऊ आहे. पाइल खाली टेकून उभे नाहीत. चिखलात ठोकलेल्या खुंटासारखे अंगाच्या घर्षणावर भार धरून आहेत. चाचांनी पाया पाहिला नसणार. ते वर आले तेव्हा तो कधीच झाकला गेला होता. पण उन्हाळ्यात काँक्रीट रात्री ओतायचे आणि मिश्रणात बर्फ घालायचे, हे त्यांनी सांगितलं ते अगदी खरं. तेच काँक्रीट पंपाने ६०६ मीटरपर्यंत चढवलं होतं.

याहून वर जायचं तर अडतं ते बहुधा लिफ्टच्या दोरावर. खोल विहिरीतून कळशी ओढताना अर्धा जीव दोरच घेतो. पोलादी दोर एका दमात सुमारे ५०० मीटरच्या पुढे गेला की स्वतःच्याच वजनाने नकोसा होतो. २०१३ मध्ये कार्बन तंतूंचा दोर आला आणि किलोमीटरभर लिफ्टची वाट मोकळी झाली. त्याच वर्षी सुरू झालेला, हजार मीटरचा पल्ला ओलांडायला निघालेला सौदीतला जेद्दा टॉवर २०१८ मध्ये थांबला तो पैसा आणि राजकारणामुळे, आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला. मुंबईत लोअर परळचा वर्ल्ड वन ४४२ मीटरचा ठरला होता. विमानतळाच्या उंचीच्या परवानगीत अडकला आणि २८० वर आला. कातळाने किंवा वाऱ्याने त्याला अडवलंच नव्हतं.

राहिली रोजाची गोष्ट. उंचावरून क्षितिज खाली सरकतं, म्हणून सूर्य जास्त वेळ दिसतो. दाभोळच्या जेटीवरून तो बुडाला तरी पलीकडच्या टाळकेश्वरच्या दीपगृहावरून आणखी थोडा वेळ दिसत राहतो. २०११ च्या रमजानात दुबईच्या धर्मखात्याने बुर्जवासीयांना तसं सांगितलंच होतं: ८० व्या मजल्याच्या वर असाल तर दोन मिनिटं थांबा, १५० च्या वर असाल तर तीन.

त्या दिवशी जेटीवर हसणाऱ्यांत मीही होतो.