सौंदर्यवर्धक व व्यंगनिवारक शस्त्रक्रिया : रुग्णांचे नेहमीचे प्रश्न

शरीराच्या एखाद्या भागाचा आकार बदलण्यासाठी, किंवा जन्मजात दोष, अपघात, भाजणे, कर्करोग अशा कारणांनी बिघडलेले रूप आणि कार्य शक्य तितके पूर्ववत करण्यासाठी ज्या शस्त्रक्रिया केल्या जातात, त्यांना एकत्रितपणे प्लास्टिक सर्जरी म्हणतात. पहिला प्रकार सौंदर्यवर्धक, तर दुसरा व्यंगनिवारक किंवा पुनर्रचनात्मक मानला जातो. या शस्त्रक्रियांपूर्वी रुग्ण विचारतात ते प्रश्न बहुधा ठरलेले असतात : वण राहील का, दुखेल का, कामावर कधी जाता येईल, परिणाम किती वर्षे टिकेल आणि जिवाला धोका आहे का. हे प्रश्न वेगवेगळे दिसत असले, तरी त्यांतील बहुतेकांचे उत्तर जखम कशी भरते यापाशीच येऊन थांबते.

शरीरात प्लास्टिक बसवतात का, असेही अनेकजण विचारतात, आणि या गैरसमजाचा दोष विचारणाऱ्याकडे नसून नावाकडे आहे. ‘प्लास्टिक’ हा शब्द ‘घडवणे, आकार देणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. एडुआर्ड झाइस या जर्मन शल्यचिकित्सकाने १८३८ मध्ये आपल्या ग्रंथाच्या नावात या शाखेसाठी तो वापरला, तेव्हा पूर्णपणे कृत्रिम असे पहिले प्लास्टिक, म्हणजे बॅकेलाइट, तयार व्हायला सुमारे सत्तर वर्षांचा अवकाश होता. बहुतेक शस्त्रक्रियांत रुग्णाचीच त्वचा, चरबी, कूर्चा किंवा हाड वापरले जाते.

सौंदर्यवर्धक आणि व्यंगनिवारक यांतील रेषा कागदावर दिसते तितकी ठळक नसते. वरची पापणी लोंबून दृष्टीच्या आड येत असेल, तर ती उचलणे हा उपचार ठरतो, आणि तशी आड येत नसेल, तर तीच शस्त्रक्रिया सौंदर्यवर्धक ठरते. जड स्तनांमुळे मान आणि पाठ दुखत असेल, त्वचेच्या घडीखाली वारंवार पुरळ येत असेल, तर स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेला केवळ रूपाची हौस म्हणणे अन्यायाचे आहे. विमा कंपन्यांना मात्र ही रेषा आखावीच लागते. त्या सामान्यतः सौंदर्यवर्धक शस्त्रक्रियांचा खर्च देत नाहीत, आणि म्हणून कार्यातील बिघाडाची वैद्यकीय नोंद आधीपासून असणे महत्त्वाचे ठरते.

वण राहील का?

राहतो. त्वचेच्या पूर्ण जाडीतून छेद घेतला की तिथे वण येतोच, आणि ‘वण न राहणारी शस्त्रक्रिया’ असे कोणी सांगत असेल, तर त्याचा अर्थ वण सहज दिसणार नाही अशा जागी असेल एवढाच घ्यावा. शल्यचिकित्सकाच्या हाती असते ते वणाची जागा, दिशा आणि त्यावरचा ताण ठरवणे. खालच्या पापणीचा छेद पापणीच्या केसांलगत किंवा पापणीच्या आतून घेतात, चेहऱ्याची सैल त्वचा ओढून घेताना तो कानाच्या कडेने आणि केसांच्या रेषेत लपवतात, तर नाकाची शस्त्रक्रिया नाकपुड्यांच्या आतून किंवा त्यांच्यामधल्या पट्टीवरच्या लहानशा छेदातून करतात. पोटाची लोंबणारी त्वचा काढण्याच्या शस्त्रक्रियेत मात्र लपवालपवीला मर्यादा आहे. तेथे कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जाणारा वण अंतर्वस्त्राच्या रेषेखाली बसवतात, आणि लोंबत्या पोटाच्या बदल्यात एवढा लांब वण आपल्याला चालेल का, याचा निर्णय रुग्णानेच घ्यायचा असतो.

टाके काढले म्हणजे जखम भरली असा समज असतो. चेहऱ्यावरचे टाके साधारण ५ ते ७ दिवसांत, तर धडावरचे १० ते १४ दिवसांत काढतात, पण तिसऱ्या आठवड्यात जखमेची मजबुती अखंड त्वचेच्या जेमतेम एकपंचमांश असते आणि पुढे कितीही काळ गेला तरी ती सुमारे ८० टक्क्यांच्या वर जात नाही. दिसण्याचा क्रम तर रुग्णाला घाबरवणाराच असतो. टाके निघाल्यावर जी रेष बारीक आणि फिकट दिसते, तीच सहा ते आठ आठवड्यांनी लाल, कडक आणि किंचित उंच होते, तिला खाज सुटते, आणि काहीतरी बिघडले असे वाटून रुग्ण परत येतो. वास्तविक त्या काळात तेथे कोलॅजेन हे प्रथिन भराभर तयार होत असते. त्याची फेररचना होऊन वण मऊ, सपाट आणि फिकट व्हायला १२ ते १८ महिने लागतात. या काळात वणाला उन्हापासून जपणे आणि जखम पूर्ण मिटल्यावर सिलिकॉनची पट्टी किंवा जेल लावणे उपयोगी पडते. लेसरने वणाचा रंग आणि पोत सुधारतो, पण वण पुसला जात नाही.

काही जणांत वण वाढतच जातो. तो मूळ छेदाच्या हद्दीत राहून उंचावला, तर बरेचदा काळाबरोबर उतरतो, परंतु हद्द ओलांडून शेजारच्या निरोगी त्वचेवर पसरणारा कीलॉइड आपणहून क्वचितच जातो, आणि नुसता कापून काढला तर पुष्कळदा पूर्वीपेक्षा मोठा होऊन परततो. कानाची पाळी, छातीचा मधला भाग आणि खांदे या त्याच्या ठरलेल्या जागा आहेत, आणि सावळ्या व काळ्या वर्णाच्या लोकांत त्याचे प्रमाण अधिक असते. कान टोचल्यावर पाळीला गाठ आली होती का, घरात कोणाला असा वण आहे का, असे डॉक्टर विचारतात ते यासाठीच.

व्यंगनिवारक शस्त्रक्रियेत वणाचा प्रश्न उलट्या बाजूने येतो, कारण तेथे बरेचदा वण हाच रोग असतो. भाजल्यानंतर मानेवर किंवा कोपरात आखडलेली त्वचा सोडवण्यासाठी ‘झेड-प्लास्टी’ नावाची युक्ती वापरतात. आखडलेल्या रेषेच्या दोन टोकांपासून ६० अंशांचे दोन छेद घेऊन त्वचेचे दोन त्रिकोण मोकळे करायचे आणि त्यांची अदलाबदल करून शिवायचे. यात वणाची एकूण लांबी वाढते, पण ताणाच्या दिशेने गणिताप्रमाणे सुमारे ७५ टक्के अधिक त्वचा मिळते आणि मान वर उचलता येते. त्वचाच कमी असेल, तर दुसरीकडून आणावी लागते. नुसता पातळ थर उचलून लावला, तर पहिले एकदोन दिवस तो खालच्या जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर जगतो आणि मग त्यात रक्तवाहिन्या शिरतात, म्हणून त्या जागी बांधलेली पट्टी हलू न देण्याबाबत डॉक्टर फार कडक असतात. अशी कातडी पुढे आकसते आणि आसपासच्या रंगाशी क्वचितच पूर्ण जुळते. रक्तवाहिन्यांसकट वळवून आणलेला त्वचेचा पदर अधिक भरवशाचा असतो, पण जिथून तो घेतला तिथेही वण सोडतो.

हा व्यवहार जुना आहे. कान व नाक जोडण्याच्या कृती सुश्रुतसंहितेत आहेत. टिपूच्या सैन्याच्या कैदेत नाक व एक हात कापला गेलेल्या, इंग्रजी फौजेतील कावसजी या मराठा गाडीवानाला पुण्याजवळच्या एका वैदूने नवे नाक बसवले, आणि त्याची हकिकत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने चित्रासह छापली. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून आकार घेतला, तो सपाट करून कपाळावर ठेवला, आणि त्या मापाची त्वचा भुवयांमधला दुवा न तोडता खाली वळवली. कपाळावरचा वण काही काळाने फारसा जाणवत नाही, अशी नोंद त्या वृत्तांतातही आवर्जून केलेली आहे, म्हणजे तेव्हाच्या वाचकालाही पहिली शंका तीच आली असावी.

किती दिवस लागतील?

कामावर कधी जाता येईल, जड हालचाली कधी करता येतील आणि अंतिम रूप कधी दिसेल, अशी या प्रश्नाची तीन उत्तरे असतात आणि ती एकमेकांत मिसळली की तक्रारी सुरू होतात. नाकाच्या शस्त्रक्रियेत आधाराची पट्टी साधारण आठवड्याने निघते आणि डोळ्यांखालचा काळेनिळेपणा दोनेक आठवड्यांत ओसरतो, म्हणून कामावर जाणे शक्य होते. धक्काबुक्कीचे खेळ आणि जड व्यायाम मात्र काही आठवडे बंदच ठेवावे लागतात. नाकाच्या शेंड्याची सूज तर इतकी हळू उतरते की खरा आकार दिसायला एक वर्ष, जाड त्वचेत त्याहूनही अधिक काळ लागतो. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर टाक्यांवर ताण येऊ नये म्हणून रुग्णाला काही दिवस कमरेत वाकून चालावे लागते, आणि तरीही त्याला पहिल्याच दिवसापासून चालवतात, कारण पडून राहिल्यास पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. केसांचे रोपण करणाऱ्यांना आधीच सांगावे लागते की लावलेले केस पहिल्या दीडदोन महिन्यांत गळतात, तीनचार महिन्यांनी नवे उगवू लागतात आणि पूर्ण परिणाम वर्षाने दिसतो.

दुखण्याविषयीची भीती बहुधा प्रत्यक्षापेक्षा मोठी असते. पापण्यांच्या शस्त्रक्रियेत जाणवतो तो मुख्यतः ताण आणि चुरचुर. स्नायू आवळून घेतलेल्या पोटात मात्र खोकताना किंवा उठताना खरोखर दुखते.

योग्य वय कोणते?

दुभंगलेल्या ओठासह बाळ जन्मले की आईवडिलांना शस्त्रक्रिया लगेच हवी असते. भूल सहन होण्यासाठी बाळाला थोडे वाढू द्यावे लागते. त्यासाठी दहा आठवडे वय, दहा पौंड म्हणजे सुमारे साडेचार किलो वजन आणि रक्ताच्या दर १०० मिलिलिटरमागे दहा ग्रॅम हिमोग्लोबिन असा लक्षात ठेवायला सोपा ठोकताळा आहे. ओठ सामान्यतः ३ ते ६ महिन्यांच्या दरम्यान, तर टाळू बोलणे सुरू होण्याच्या सुमारास, बहुधा वर्षाच्या आगेमागे, शिवतात. हिरडीच्या फटीत हाड भरण्याचे काम पुढे ८ ते ११ वर्षांच्या वयात, आणि नाकाची अंतिम दुरुस्ती वाढ थांबल्यावर केली जाते. ही एक शस्त्रक्रिया नसून पंधरा-सोळा वर्षांचा कार्यक्रम आहे, हे पहिल्याच भेटीत सांगितलेले बरे. पुढे आलेले कान ५ ते ६ वर्षांच्या वयात दुरुस्त करता येतात, कारण तोवर कानाची बहुतेक वाढ झालेली असते. केवळ रूपासाठी नाक बदलायचे असेल, तर चेहऱ्याची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते.

परिणाम टिकतो का?

लायपोसक्शनने, म्हणजे नळीने शोषून, काढलेल्या चरबीच्या पेशी परत येत नाहीत, पण उरलेल्या पेशी फुगू शकतात. ही वजन कमी करण्याची पद्धत नव्हे, आणि एका वेळी सुमारे ५ लिटरपेक्षा अधिक काढणे जोखमीचे मानले जाते. सुरकुत्यांसाठी टोचायच्या बोटॉक्स या औषधाचा परिणाम तीनचार महिने राहतो. चेहऱ्याची त्वचा ओढून घेतल्यावर वय थांबत नाही, फक्त घड्याळ काही वर्षे मागे जाते. स्तनांमध्ये बसवायच्या सिलिकॉनच्या पिशव्या १९६२ पासून वापरात आहेत, आणि त्या जन्मभरासाठी नसतात. त्यांच्याभोवती तयार होणारे आवरण आवळू शकते, पिशवी फुटू शकते, आणि खरखरीत पृष्ठभागाच्या पिशव्यांचा संबंध लसीका पेशींच्या एका दुर्मीळ कर्करोगाशी जोडला गेला आहे. एक पिशवी बसवणे म्हणजे पुढेमागे दुसऱ्या शस्त्रक्रियेची शक्यता मान्य करणे होय.

धोके

रक्त साकळणे, जंतुसंसर्ग, टाके उसवणे, बधिरपणा आणि दोन बाजू सारख्या न दिसणे हे धोके जवळपास सर्वच शस्त्रक्रियांत असतात. सर्वांत घातक सौंदर्यवर्धक शस्त्रक्रियांपैकी एक म्हणजे नितंबांत चरबी भरणे. स्नायूत टोचलेली चरबी मोठ्या शिरेतून फुप्फुसात पोहोचून मृत्यू येऊ शकतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात मृत्यूचे प्रमाण सुमारे ३,००० मागे १ इतके आढळले, आणि त्यानंतर चरबी स्नायूत न भरता त्वचा आणि स्नायू यांच्यामधल्या थरातच भरावी असा आग्रह धरला गेला. सुरकुत्या किंवा खळगे भरून काढण्यासाठी इंजेक्शनने द्यायचे फिलर चुकून रक्तवाहिनीत गेल्यास त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते, म्हणून ‘सुईचेच तर काम’ असे म्हणून ते कोणाकडूनही करून घेऊ नये.

ज्या गोष्टी रुग्ण लपवतात त्यांत धूम्रपान पहिले आहे. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकसवते, आणि खालच्या थरांपासून सोडवून ताणलेली त्वचा त्याच वाहिन्यांवर जगत असते. त्या बंद पडल्या की जखमेची कड काळी पडते. म्हणून शस्त्रक्रियेआधी आणि नंतर किमान चार आठवडे तंबाखू पूर्ण बंद ठेवावी लागते, आणि निकोटिनचे च्युइंगमही त्यात आले. रक्त पातळ करणारी औषधे डॉक्टरांना न विचारता थांबवू नयेत, पण लसणाच्या किंवा माशाच्या तेलाच्या गोळ्यांसकट सर्व काही त्यांना सांगावे. भुलेपूर्वी ६ तास अन्न आणि २ तास पाणीसुद्धा वर्ज्य असते. पोटातले फुप्फुसात उतरू नये, हे त्याचे कारण.

अपेक्षा

हल्ली अनेकजण मोबाइलमधला स्वतःचा फोटो दाखवून नाक मोठे असल्याची तक्रार करतात. कॅमेऱ्याला जवळचे मोठे आणि लांबचे लहान दिसते, आणि २०१८ मध्ये मांडलेल्या एका गणितानुसार ३० सेंटिमीटरवरून काढलेल्या फोटोत नाकाचा पाया दीड मीटरवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद भासतो. त्यामुळे नीट अंतरावरून काढलेला फोटो पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. काहींना इतरांना दिसतही नसलेला दोष दिवसातले कित्येक तास छळतो. हा देहरूपविषयक मानसिक विकार असून शस्त्रक्रियेने त्यांचे समाधान सहसा होत नाही. अशा वेळी नकार देऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणारा शल्यचिकित्सक रुग्णाचे हितच पाहत असतो.

मनासारखे झाले नाही तर पुन्हा करता येते का, हा प्रश्न शेवटी येतो. येते, पण नाकाच्या बाबतीत किमान वर्षभर थांबून, सूज आणि वण स्थिरावल्यावरच. दुसऱ्या वेळी कठीण झालेल्या ऊतीतून वाट काढावी लागते, रक्तपुरवठा पूर्वीसारखा नसतो, आणि नाकातली आधाराची कूर्चा पहिल्या खेपेस वापरून झालेली असेल, तर ती कानातून किंवा बरगडीतून घ्यावी लागते, म्हणजे शरीरावर आणखी एक छेद आणि आणखी एक वण.